दार लाव गो

नलू : आदी दार लाव. मग काय वजन करायचं ते कर.

हेमांगी : दार लावलं तर उजेड नाय, आये. काट्यावरचा आकडा कसा दिसणार मला?

नलू : काटा कुठला आणलास, तो कळतोय मला. बंदरावरचा. मासळीचा.

हेमांगी : लिलाववाल्या दादूकडून मागून आणला. आपल्याकडे दुसरा कुठे हाय? पालघरचे डॉक्टर वजन बघून औषध ठरवणार. आज फोन करून सांगायचंय. चल, ऊठ. धर माझा हात.

नलू : हात नको लावू. तुझा हात बघ नि माझा बघ. तुझ्या एका दंडात माझे दोन बसतील.

हेमांगी : तीन बसतील. ऊठ.

चंद्रकांता : (शेजारीण, उघड्या दारातून) अगो बाय माझे! नलू, काय हे! सुकत घातलेल्या मांदेलीगत झालीस गो! डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघायचीस तर सगळा रस्ता तुझा असायचा.

नलू : ऐकलंस? म्हणून सांगते दार लाव. रोज एक येते, माझी हाडं मोजते नि जाते.

हेमांगी : लाज वाटते?

नलू : वाटते.

हेमांगी : मला पण वाटलेली. नववीत होते. याच काट्यावर. मी पण म्हटलेलं, आये, घरी कर. तू काय म्हणालीस?

नलू : मला नाय आठवत.

चंद्रकांता : मला आठवतंय ना! "चारचौघांत लाज वाटली म्हणजे तोंडाला कुलूप लागेल." काट्यावरची सुरमई खाली काढली नि हिला वर चढवली. शाळेचा ड्रेस सगळा मासळीच्या पाण्यानं भिजला. नि तो दादू! लिलाव चालू होता ना, तर हिच्यावरच बोली लावायला लागला. काय हसलो गो आमी!

हेमांगी : तू तर डोळे पुसत होतीस हसून, काकी.

चंद्रकांता : थट्टा होती गो ती. एवढं काय मनात धरायचं?

हेमांगी : दादूच्या बोलीवर उत्तर कोणी दिलं, ते पण सांग ना.

चंद्रकांता : जाऊ दे आता. आजारी बाईसमोर कशाला?

नलू : कोणी दिलं?

हेमांगी : तू, आये. "फुकट न्या, वर बर्फ मी घालते."

नलू : ...तुझा बाप नुकता गेलेला. एवढी जाडी पोर कोण नेणार, झोप नव्हती मला. म्हणून तर पहाटे वाळूत पळवायची तुला.

हेमांगी : तुझ्या लेकाच्या, कुंदनदादाच्या सायकलमागे. दादाच्या खिशात भाजलेले बोंबील, नि माझ्या पोटात लिंबूपाणी. सगळं गाव दात घासत बघायचं.

नलू : नि काय उपयोग झाला? वजन उतरलं? नाय. कोणी नेली? नाय. माझी मेहनत फुकट गेली ती गेलीच.

चंद्रकांता : असं नको गो बोलू. बोईसरला एवढ्या मोठ्या कंपनीत हाय पोर.

हेमांगी : हो ना. कंपनीत सगळ्यांना वाटतं मी फार देवभोळी. कॅन्टीनला चल म्हटलं की माझा उपास असतो. संध्याकाळी खोलीवर येते, कडी लावते नि जेवते. खोलीत दुसरं कोणी नसतं, काकी. तरी कडी लावते.

चंद्रकांता : अगो...

नलू : म्हणून आज माझी पाळी. दारात तोलून सूड घेणार तू.

हेमांगी : घेणार होते. काटा आणला तेव्हा तेच मनात होतं. ओट्यावर मांडायचा, बाया बाजारातून परतायच्या वेळेला. बर्फाचं पण म्हणणार होते.

नलू : मग म्हण ना. आईला म्हणायला जीभ जड होते का आता?

हेमांगी : खांद्यावर हात टाक. पाय उचल. हा... आता दुसरा. धरलंय मी, पडत नायस. आता सोडते हां, हलू नको.

चंद्रकांता : किती गो भरली? सरक जरा, बघू दे.

हेमांगी : मागं हो, काकी.

चंद्रकांता : अगो, हात काय ठेवतेस आकड्यावर?

हेमांगी : मी वाचलाय. डॉक्टरांना सांगीन.

नलू : मला तरी सांग.

हेमांगी : औषध बदललं की सांगीन. उतर आता. माझा हात घे.

नलू : एवढे उपकार नकोत. माझं वजन लपवलंस म्हणून तू काय बारीक होणार नायस.

हेमांगी : नाय होणार. सकाळी समुद्रावर पण गेलेली मी. किती वर्षांनी.

नलू : पळायला?

हेमांगी : डुंबायला. कमरेएवढ्या पाण्यात.

नलू : ओल्या कपड्यांत! तुझ्या असल्या अंगानं! कोणी बघितलं असेल तर?

हेमांगी : बघितलं. दादूनं पण बघितलं. काय तरी बोलला.

नलू : काय बोलला?

हेमांगी : लाटांत ऐकू नाय आलं. नि मला भूक लागलेली. तू ही पेज पी, ऊन हाय तवर. मी माझं ताट आणते.

चंद्रकांता : मी निघते गो.

हेमांगी : बस ना, काकी. बोंबलाचं कालवण केलंय, तुला पण वाढते.

चंद्रकांता : नको बाय. मला... माझं झालंय जेवण.

नलू : हे काय, ताट घेऊन इथं कुठं बसतेस? उंबऱ्यासमोर? आत जा. नायतर दार तरी लाव गो, रस्त्यावरून बाया बघतात!

हेमांगी : बघू दे.

नलू : नि भात किती घेतलास तो? एवढा खाणार?

हेमांगी : भूक हाय तेवढा. ते मीठ सरकव जरा, आये.