ऑगस्टातला नाताळ

वेंडेल : घरी? कुठल्या घरी?

बर्टा : ओरडू नका. शेजारच्या खोलीत मिसेस टॉलमनचा आत्ता कुठे डोळा लागलाय.

वेंडेल : का ओरडू नको? जुलैत त्या डॉक्टरनं माझ्या तोंडावर सांगितलं, तीन-चार आठवडे. मी मुकाट्यानं मरायला आलो. आता नोव्हेंबर संपत आला आणि तू म्हणतेस सामान बांधा?

बर्टा : मी नाही म्हणत, डॉक्टर फेरिअर म्हणतात. सकाळी त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. म्हणून मला पाठवलं.

वेंडेल : तुला कशाला? तू तर भाषणं करत फिरणारी.

बर्टा : भाषणंच नाही करत मी. हॉस्पिसच्या भिंतींबाहेर जे काही करायचं ते माझ्याकडे. कुणाच्या घरी जेवण पोचवायचं, कुणापाशी माणूस बसवायचा, गावाला सांगत फिरायचं की बाबांनो, आम्हाला घाबरू नका. आजपासून तुम्ही माझ्या वाट्याला आलात.

वेंडेल : काहीतरी घोटाळा झालाय. कुणाचे तरी कागद माझ्या नावावर लागले असतील.

बर्टा : तीनदा तपासलं. फुप्फुसातलं पाणी गेलंय, वजन तेरा पौंड वाढलंय. हृदय दुबळंच आहे, ते काही आता तरणंताठं व्हायचं नाही. पण गोळ्या वेळेवर, तीन वेळा गरम जेवण आणि खोलीत माणसांची ये-जा, एवढ्यावर तुम्ही सावरलात. आधी डब्यातले बीन्स थंडच खायचात, दुसरं काय होणार!

वेंडेल : म्हणजे तुम्ही मला खायला घालून फसवलंत.

बर्टा : हो, घ्या. आमचीच चूक. आता ऐका. इथं दहाच खोल्या. ज्यांच्याकडे फार तर तीन महिने उरलेत त्यांच्यासाठी. बाहेर दोघंजण थांबलेत. त्यातल्या एका बाईला जिना चढवत नाही, म्हणून ती आपल्या घरी स्वयंपाकघरात सोफ्यावर पडून आहे.

वेंडेल : ते सांगू नकोस मला.

बर्टा : सांगणार. जागा बघितलीय मी. लायब्ररीच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर दोन खोल्या. मंगळवार-शुक्रवार आमच्याकडून जेवण येईल, बुधवारी नर्स येईल. आणि रोज कुणीतरी डोकावेल, तुम्ही कितीही गुरगुरलात तरी.

वेंडेल : बसू कशावर? खुर्ची ऑर्विलला दिली. बोट पेनरांना दिली. थाळ्या, टीव्ही, फावडं, सगळं वाटून मोकळा झालो मी!

बर्टा : ऑर्विल खुर्ची परत देतोय. पेनरांनी मात्र बोटीला हिरवा रंग दिला. थोरल्या पेनरला मी सांगितलं तर त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, खरवडून काढू का?

वेंडेल : आणि गावाला तोंड कसं दाखवू? सांग ना. माझ्यासाठी भर ऑगस्टात नाताळ केला तुम्ही लोकांनी. अख्ख्या मेन स्ट्रीटवर दिवे लावले. अग्निशमन दलाचा तो जाड्या सांताचा लाल कोट घालून इथं खिडकीखाली घामानं निथळत उभा होता. शाळेच्या बँडनं वाजवलं. बायका रडल्या. पुरुषही रडले! आणि आता मी दुकानात दुधाच्या रांगेत उभा राहू? ‘नमस्कार मंडळी, मी तोच’?

बर्टा : दुकानातून आठवलं. तुमचा फोटो आहे अजून तिथं. ‘वेंडेलला शेवटचा नाताळ दिलात, पोर्ट ॲल्डरकरांनो, आभार.’ उद्या काढून घेते.

वेंडेल : काढू नकोस. खाली लिही, माफ करा, मेला नाही.

बर्टा : वेंडेल, मी काही हसत नाहीये हं.

वेंडेल : हसतेयस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय आणि तू हसतेयस.

बर्टा : बरं, हसले. पण लोक खूश होतील हो. दोन दिवस चेष्टा करतील, मग विसरतील. तेवढ्यासाठी माणूस भिंतीकडे तोंड करून पडत नाही. खरं काय आहे ते बोला. कर्टिस काय म्हणाला? इतका लांब अल्बर्टाहून दर रविवारी फोन करतो पोरगा, त्याला किती आनंद झाला असेल.

वेंडेल : त्याला माहीत नाही.

बर्टा : आजचं माहीत नसेल. पण तब्येत सुधारतेय हे तर…

वेंडेल : तेही नाही.

बर्टा : नर्सेस महिनाभर तुम्हाला सांगतायत!

वेंडेल : मला सांगतायत. त्याचा फोन आला की मी खोकतो.

बर्टा : काय?

वेंडेल : खोकतो. मध्येच थांबतो. दम लागल्यासारखं करतो. मग तो म्हणतो, बोलू नका बाबा, नुसते ऐका. आणि तासभर बोलत राहतो. त्याच्या कामाचं, मुलींचं, कुठल्यातरी कुंपणाचं.

बर्टा : अहो, लाज नाही वाटत? पोराच्या जिवाला घोर लावायचा असा?

वेंडेल : वाटते. रविवारी तीन वाजता वाटायला लागते, फोन ठेवल्यावर. दोनला नाही वाटत.

बर्टा : का पण?

वेंडेल : आम्ही बोलत नव्हतो. ते तुला ठाऊक आहे.

बर्टा : व्हर्ना गेल्यापासून पटत नव्हतं एवढं ठाऊक आहे. पोरगं तेव्हा सतरा वर्षांचं, आई गेलेली, बाप ड्यूटीवर. मला वाटायचं, वय वाढेल तसं त्याला कळेल. बर्फ हटवायचा ट्रक गावात एकच होता, त्या रात्री वादळ होतं, तुम्हाला बोलावणं आलं. बायको शेवटच्या घटका मोजत होती आणि तुम्ही गावाचा रस्ता उघडा ठेवलात. हे विसरलंय का कुणी? म्हणून तर ऑगस्टात दिवे लावले लोकांनी!

वेंडेल : बोलावणं आलं नव्हतं.

बर्टा : हं?

वेंडेल : कुणीही बोलावलं नव्हतं. त्या रात्री पाळी माझी नव्हतीच, हेन्ड्रिकची होती. मीच त्याला फोन केला, म्हटलं तू झोप, मी जातो.

बर्टा : नाही हो.

वेंडेल : ती ज्या तऱ्हेनं श्वास घेत होती ना, बर्टा… मला ते ऐकवेना. हॉस्पिटलचा रस्ता बंद, तेव्हा ही तुमची जागा नाही, कुणी माणूस नाही. मी कोट घातला आणि पोराला म्हटलं, कामावरून फोन आलाय. आणि निघून गेलो. घाबरून पळून गेलो. बस, एवढंच.

बर्टा : ही गोष्ट मी सांगत फिरते हो. चर्चमध्ये, शाळेत, शेतकऱ्यांच्या सभेत. बावीस ठिकाणी सांगितली असेल. ‘वेंडेल हास्केटनं आपल्यासाठी काय केलं, आता आपण त्याच्यासाठी काय करणार?’ मी, मी माझ्या या तोंडानं…

वेंडेल : ऐकलंय मी. इथं यायच्या आधी एकदा मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं.

बर्टा : आणि गप्प बसलात!

वेंडेल : टाळ्या चालल्या होत्या.

बर्टा : देवा रे! थांबा, मला बसू द्या जरा.

वेंडेल : शिव्या घाल. घाल ना.

बर्टा : घालेन सवडीनं. कर्टिसला हे माहीत आहे?

वेंडेल : ऑगस्टात सांगितलं. खाली बँड वाजत होता, तेव्हा. म्हटलं, चार दिवसांत जाणार, आता कशाला लपवू. तो माझा हात धरून म्हणाला, जाऊ दे बाबा. एकतीस वर्षांनी हात धरला. तेव्हापासून दर रविवारी फोन.

बर्टा : आणि आता मरत नाही म्हटल्यावर…

वेंडेल : आता तो हात काढून घेईल. माफी मरणाऱ्या माणसाला मिळाली होती. मी इथून बाहेर पडलो की मी परत पहिला वेंडेल. खोलीचं काय घेऊन बसलीस, मी गोठ्यातही राहीन. पण तो फोन गेला तर मी कशाला घरी जाऊ?

बर्टा : म्हणून जन्मभर खोकत बसणार?

वेंडेल : जमेल तितके दिवस.

बर्टा : अजिबात नाही. आज रविवार आहे. दोन वाजायला आलेत. तुम्ही त्याला सांगायचं, आणि मी इथून हलणार नाही.

वेंडेल : तू बाहेर जा.

बर्टा : मी बाहेर गेले की तुम्ही खोकणार. बसलेय इथं.

(फोन वाजतो. वेंडेलला नीट ऐकू येत नाही, म्हणून तो स्पीकर लावून टेबलावर ठेवतो.)

कर्टिस : बाबा? ऐकू येतंय ना?

वेंडेल : येतंय… अहं… अहं…

बर्टा : वेंडेल!

कर्टिस : कोण आहे तिथं?

बर्टा : बर्टा क्लासेन. नाताळाला भेटलो होतो आपण. ऑगस्टातल्या.

कर्टिस : हो, हो. तुम्ही का आहात तिथं? वेळ आलीय का? मी निघतो. बॅग भरूनच ठेवलीय दारात.

वेंडेल : निघू नकोस.

कर्टिस : बाबा, मला खरं सांगा. रात्रीचं विमान मिळेल मला.

वेंडेल : खरंच सांगतोय. मला सोडतायत इथून.

कर्टिस : सोडतायत म्हणजे?

वेंडेल : घरी. बरा झालो असं नाही. पण मरत नाहीये. इतक्यात तरी नाही.

बर्टा : कर्टिस? ऐकलंस ना?

कर्टिस : ऐकलं. बाबा, तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?

वेंडेल : आजच सकाळी सांगितलं त्यांनी.

बर्टा : वेंडेल.

वेंडेल : महिना झाला. सुधारतोय हे कळून महिना झाला.

कर्टिस : गेल्या रविवारी तुम्हाला बोलता येत नव्हतं. मी फोन ठेवला आणि गॅरेजात जाऊन बसलो. मुलींना दिसू नये म्हणून दार लावून रडलो.

वेंडेल : मुद्दाम खोकलो मी.

कर्टिस : मुद्दाम?

वेंडेल : तू फोन करणं सोडशील, असं वाटलं.

कर्टिस : आणि ऑगस्टात सांगितलंत ते? त्या रात्री कुणी बोलावलं नव्हतं, ते? तेही असंच? मरताना माणूस काहीतरी बोलतो तसं?

वेंडेल : नाही. ते खरं आहे.

कर्टिस : मी सतरा वर्षांचा होतो. ती पाणी मागत होती आणि किती द्यायचं ते मला कळत नव्हतं. जास्त दिलं की ठसका लागायचा. नाही दिलं की बघत राहायची माझ्याकडे. खिडकीतून तुमच्या ट्रकचा दिवा दिसायचा. तुम्ही आमच्या रस्त्यावरून तीनदा गेलात, बाबा. तीनदा!

वेंडेल : चारदा.

कर्टिस : चारदा?

वेंडेल : चौथ्यांदा दिवा बंद केला होता. दाराशी थांबलो. उतरवेना.

बर्टा : मी बाहेर जाते.

वेंडेल : बस गं. बस इथंच.

कर्टिस : आणि मी म्हणालो, जाऊ दे बाबा! काय जाऊ दे? मला काही जाऊ द्यायचं नव्हतं! पण तुमच्या नाकात नळी, खाली तो बँड, सगळं गाव डोळे पुसतंय. अशा माणसावर ओरडायचं कसं? गिळलं मी. चार महिने गिळतोय. दर रविवारी कुंपणाच्या गप्पा मारतोय तुमच्याशी, कारण दुसरं तोंडातून निघालं तर थांबणार नाही.

वेंडेल : मला वाटलं, तू माफ केलंस.

कर्टिस : जाणाऱ्या माणसाला केलं होतं. तुम्हाला नाही.

वेंडेल : हं. बर्टालाही तेच म्हणालो मी.

कर्टिस : नळी आहे अजून?

वेंडेल : नाही. काढली.

कर्टिस : झोप लागते? जेवता नीट?

वेंडेल : तेरा पौंड वाढलो.

कर्टिस : चांगलं आहे. शुक्रवारी येतो मी.

वेंडेल : भेटायला?

कर्टिस : ओरडायला. तुम्ही ऐकून घ्यायचं, कामावर निघून जायचं नाही.

वेंडेल : नाही जाणार. ये.

कर्टिस : एका दिवसात व्हायचं नाही ते. एकतीस वर्षांचं साचलंय. डॉक्टर किती वेळ आहे म्हणतात?

वेंडेल : वर्ष. नशीब असलं तर थोडं जास्त.

कर्टिस : बघा हं. आता लबाडी चालायची नाही.

वेंडेल : कर्टिस… ठेवला त्यानं.

बर्टा : ठेवला.

वेंडेल : ओरडायला येतोय म्हणाला. तू ऐकलंस ना? येतोय म्हणाला ना?

बर्टा : शुक्रवारी. ऐकलं मी. त्या खोल्यांत खाट एकच आहे, दुसरीचं बघते.