नाव सोडून सगळं

दादा : नाव घेतलं नव्हतंस, मान्य. पण नाव सोडून बाकी सगळं घेतलंस.

ताई : प्रार्थनेत मी फक्त ‘आमच्यातलं एक लेकरू’ म्हणाले, दादा.

दादा : ‘प्रभू, आमच्यातलं एक लेकरू, जे यंदाच घर सोडून इथं शिकायला आलंय, ज्याचे वडील तुझ्या मळ्यात राबतात, आणि ज्याला आता तू आहेस की नाहीस हेच कळेनासं झालंय.’ असंच ना? तुझ्या शेजारच्याच खुर्चीत होतो मी.

ताई : असंच.

दादा : आपल्या फेलोशिपमध्ये यंदा नव्यानं आलेल्या पाळकांच्या मुली किती?

ताई : एकच.

दादा : तू रसायनशास्त्राची. अनोळखी पदार्थ कसा ओळखतात ते तूच मला समजावलं होतंस, याच खोलीत, खुर्च्या लावताना.

ताई : तीन खुणा पुरतात. कधी कधी दोनही. कळलं, दादा. आता मीठ नका चोळू.

दादा : मीठ कुठलं चोळतोय? मी तर ‘आमेन’ म्हणालो होतो. सगळ्यांत मोठ्यानं.

ताई : पण हे बाहेर गेलंच कसं? इथलं इथंच राहायचं, हा आपला नियम आहे. प्रार्थनेच्या जोडीदारानं कानात सांगितलेलं गोलात बोलायचं, ते त्यानं परवानगी दिली असेल तेवढंच.

दादा : नियम चांगला आहे. दर शनिवारी कोण सांगतं तो?

ताई : मीच.

दादा : त्या दिवशी दाराजवळ एक पाहुण्या काकू बसल्या होत्या, आठवतात? बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आलेल्या.

ताई : त्या रडत होत्या. नंतर माझा हात धरून म्हणाल्या, इतकी सुंदर प्रार्थना कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती.

दादा : त्यांच्या बहिणीचं सासर आपल्या थर्मासच्या, म्हणजे त्याच पोरीच्या, वडिलांच्या मंडळीत. काकूंनी सरळ पास्टरांना फोन लावला. म्हणाल्या, ‘धीर सोडू नका, आम्ही घरातली सगळी तुमच्या लेकीसाठी उपास करतोय.’

ताई : उपास!

दादा : आणि खरंच करत होत्या गं. ढोंग असतं तर निदान जाऊन भांडलो असतो. कुणावर ओरडू? तू प्रेमानं बोललीस, त्यांनी प्रेमानं कळवलं, आणि तो बाप आता प्रेमानं सकाळच्या गाडीत बसलाय मुलीला घरी न्यायला.

ताई : तुम्ही समजावलं नाहीत त्यांना?

दादा : मी काय समजावणार? ते मुलीला विद्यापीठात पाठवायलाच तयार नव्हते. मीच त्यांच्या ओट्यावर बसून शब्द दिला होता. ख्रिस्ती विद्यार्थ्यांची फेलोशिप आहे, मी आहे, आमच्या ओंजळीत असेल तुमची लेक. काल फोनवर म्हणाले, ‘ओंजळीत दिली होती दादा, तुम्ही ती ओंजळ चारचौघांत उघडून दाखवलीत.’

ताई : मग तुम्ही काय म्हणालात?

दादा : म्हणालो, आम्ही प्रार्थना करतो आहोत. तोंडातून गेलं, मग जीभ चावली. बाई, माझं कामच ते आहे. प्लंबरला नळाला पाना लावू नको म्हटलं तर त्यानं काय करावं?

ताई : त्या खुर्च्या गोलात का मांडताय? आज शनिवार नाही.

दादा : हं? हाताला सवय झालीय. ... बघ, आलीच ती. दार उघडंच आहे गं, ये.

(थर्मास बॅग घेऊन आत येते. भूगर्भशास्त्राच्या या वर्गात भिंतीलगत काचेच्या कपाटांत दगडांचे नमुने ओळीनं मांडले आहेत. ती बॅग त्यांच्यासमोर ठेवते आणि खुर्चीवर न बसता खिडकीच्या कट्ट्यावर टेकते.)

ताई : बॅग भरलीस?

थर्मास : अर्धी. अर्ध्या सामानाचं काय करायचं ते कळेना.

दादा : थर्मास कुठाय तुझा? पहिल्यांदाच तुला त्याच्याशिवाय बघतोय. नाव बदलावं लागेल.

थर्मास : बॅगेत आहे, दादा. नाव राहू द्या. इथं येऊन तेवढंच नवीन मिळालं.

दादा : वडिलांशी बोललीस?

थर्मास : गाडीतून फोन आला होता. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, ‘बेटा, माझ्यासमोर एकदा मोठ्यानं प्रार्थना कर. मनापासून. मी त्याच पावली परत जातो.’

ताई : एवढंच?

थर्मास : एवढंच.

दादा : थांब थांब. परत जातो म्हणाले? तुला इथं ठेवून?

थर्मास : हो.

दादा : अगं मग रडतेस कशाला! तू पाळकाची मुलगी. पाळण्यात असताना ‘आमेन’ म्हणाली असशील. दोन वाक्यांचा प्रश्न आहे.

थर्मास : रडत नाहीये, दादा. सर्दी झालीय.

दादा : म्हणजे, खोटं बोल असं नाही म्हणत मी. माझ्या तोंडी ते शोभायचंही नाही. पण माणूस सुरुवात कोरडी करतो आणि बोलता बोलता ओल येते. माझं कितीदा झालंय असं. तुझं नेमकं बिनसलं कशानं? कुणी काही बोललं? वर्गात कुणी हसलं? का या दगडांनी डोक्यात काही भरवलं?

थर्मास : बाबाही तेच विचारत होते. दगडांचा काही दोष नाही. त्यांना मी विचारलंही नव्हतं.

दादा : मग कारण?

थर्मास : कारणच नाही. आपण फोनवर बोलत असतो, सगळं सांगत असतो, आणि मग लक्षात येतं की फोन केव्हाच कट झालाय. केव्हा झाला ते सांगता येत नाही. तसं.

दादा : अगं, पण फोन परत लावता येतो.

थर्मास : लावतेय की. रोज.

दादा : थांबा, माझा वाजतोय. हॅलो. हो, पास्टरसाहेब. पोचलात? मोठ्या फाटकाशी? तिथंच थांबा, मी येतो घ्यायला. नाही नाही, तुम्हाला नाही सापडायचं, इथं सगळ्या इमारती सारख्याच आहेत. ... आले. फाटकाशी आहेत.

ताई : दादा, थोडा वेळ काढा ना खाली.

दादा : चहा पाजतो. दोन पाजतो. पण किती पाजणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय माझी. पोरी, मी काय सांगू त्यांना? तूच सांग.

थर्मास : त्यांना गुडघ्याचा त्रास आहे. जिन्यानं हळू आणा. तेवढं करा.

दादा : तेवढं करतो.

ताई : ... गेले. ऐक, माझ्याकडे बघ जरा.

थर्मास : बघतेय.

ताई : माझं चुकलं.

थर्मास : माहीत आहे. तू काल तीनदा म्हणालीस.

ताई : खरं सांगू? आधी ठरवलं होतं मी, तुझ्यासाठी फक्त ‘अभ्यासात शक्ती दे’ म्हणायचं. सुरूही तसंच केलं. मग बाजूनं कुणीतरी ‘हो प्रभू’ म्हटलं. मग आणखी कुणी. लोक असे सोबत यायला लागले की माझी जीभ सुटते. वाटतं, आता खरंखुरं काहीतरी बोलावं. आणि माझ्याजवळ खरंखुरं असं तुझंच होतं.

थर्मास : मी डोळे उघडले होते तेव्हा. सगळ्यांचे मिटलेले. तुझा चेहरा इतका छान दिसत होता, ताई. मला वाटलं, हिला थांबवावं तरी कसं?

ताई : थांबवायचं होतंस.

थर्मास : प्रार्थनेत कुणी कुणाला थांबवतं का?

ताई : तू विश्वासानं विनंती सांगितलीस, आणि मी...

थर्मास : विनंती नव्हती ती.

ताई : म्हणजे?

थर्मास : प्रार्थनेची विनंती नव्हती. मी काही मागितलंच नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

ताई : पण आपली जोडी प्रार्थनेचीच होती ना गं?

थर्मास : जोडीच्या चिठ्ठीत तुझं नाव आलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता. का, ते सांगू? पहिल्याच आठवड्यात तुझ्या प्रयोगशाळेत नेलं होतंस मला. कागदावर एक वेडावाकडा आलेख होता. मी विचारलं, मधेच हा उंचवटा कसला? तू म्हणालीस, माहीत नाही. इतकं सहज म्हणालीस, आणि परीक्षानळी धुवायला लागलीस. आमच्या घरी कुणी कधी ‘माहीत नाही’ असं म्हणत नाही.

ताई : मग?

थर्मास : मग मला वाटलं, हिला सांगितलं तर ही ऐकेल आणि म्हणेल, माहीत नाही बाई. आणि आपण दोघी चहा पिऊ.

ताई : आणि मी म्हणाले, ‘काळजी करू नकोस, आपण प्रार्थना करू.’

थर्मास : हो. लगेच. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत.

ताई : अगं, दुसरं काही येतच नाही मला. आताही येत नाहीये. सकाळपासून तोंडाशी तेच येतंय आणि मी गिळतेय.

थर्मास : दिसतंय. उचकी लागल्यासारखी दिसतेस.

ताई : हसू नकोस. घरी नेलं तर तुझ्या शिक्षणाचं काय?

थर्मास : घराजवळच्या कॉलेजात बोलणं झालंय बाबांचं. तिथं दगड नाहीत. टंकलेखन आहे, आणि काय काय आहे. संध्याकाळी रविवारशाळेच्या मुलांना गाणी शिकवायची.

ताई : तू दगड चाटून ओळखणारी मुलगी! त्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गासमोर तुला नमुना दिला...

थर्मास : नको ना, ताई.

ताई : मग करून टाक. ऐक माझं. मी सांगते, म्हण माझ्यामागून. त्यांच्यासमोर दोन मिनिटं. तुला सगळे शब्द पाठ आहेत, चढउतार पाठ आहेत, कुठं आवाज भरून आणायचा तेही तुला ठाऊक आहे. त्यांना काय कळणार आहे?

थर्मास : तेच.

ताई : काय तेच?

थर्मास : त्यांना कळणार नाही. मी इतकी चांगली करीन की त्यांना कळणारच नाही. ते रडतील, मला जवळ घेतील, म्हणतील, माझी लेक मला परत मिळाली. आणि गुडघा धरून जिना उतरतील. त्यांनी ते खोटं पकडलं असतं, तर केली असती मी. ते गेल्यावर मग मी कुणाला सांगू? आता निदान त्यांना माहीत तरी आहे. तुझ्यामुळे का होईना.

ताई : असं नको म्हणूस.

थर्मास : टोमणा नाही मारत. खरंच. घरी असताना मला त्यांना कधीच सांगता आलं नसतं.

ताई : तू इथं राहायला हवीस गं. मला दुसरं काही कळत नाही. तू इथं राहायला हवीस.

थर्मास : मलाही राहायचंय. काल रात्रभर म्हणून बघितलं, तोंडातल्या तोंडात. ‘हे स्वर्गीय पित्या’ इथपर्यंत ठीक जातं. पुढे बाबांचाच चेहरा येतो.

ताई : काय सांगशील त्यांना?

थर्मास : सांगेन, प्रार्थना येत नाही. चला. बॅग तुम्ही उचलू नका, मी उचलते.

ताई : आणि मी? मी काय करू? मी बोलू का त्यांच्याशी? पाया पडू? सांगते की मी तिखटमीठ लावलं, तू तसं म्हणालीच नव्हतीस.

थर्मास : मग आपण दोघी खोटं बोलणार. त्यापेक्षा जातेच मी.

ताई : सांग ना काहीतरी. काहीही काम सांग.

थर्मास : ते वरच्या फळीवरचं काळं लेबल लावलेलं खोकं आहे ना, त्यात मी वाळत ठेवलेले नमुने आहेत. सरांना दे. आणि माझं अर्धं सामान खोलीवरच राहू दे. कुणी टाकायला लागलं तर टाकू देऊ नकोस.

ताई : नाही देणार.

थर्मास : जिन्यात आवाज येतोय.

ताई : दादा बोलतायत. किती मोठ्यानं बोलतायत. आपल्याला कळावं म्हणून.

थर्मास : बाबा प्रत्येक पायरीवर थांबतायत. ताई, तू डोळे मिटलेस.

ताई : नाही. मिटले नाहीत. बरं, मिटले. उघडते.

थर्मास : आज प्रार्थना करू नकोस ना माझ्यासाठी. ते आत आल्यावर मोठ्यानं तर नकोच.

ताई : नाही करणार.

थर्मास : मनातसुद्धा?

ताई : मनातली मला थांबवता येत नाही गं. खरंच येत नाही.

थर्मास : ... मग या वेळी फक्त नाव घे. पुढं काही नको.