नाही म्हणण्याआधी एक फेरी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक महोदय, व्यासपीठावरचे विक्री विभागाचे प्रमुख साहेब, हातातलं काम टाकून कारखान्यातून आलेले मुख्य अभियंता, ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो आहोत त्या आपल्या वॉरंटी विभागाच्या प्रमुख, ज्यांचा हुद्दा दारावरच्या पाटीवर कितीही लांबलचक असला तरी ज्यांना आपण फक्त ‘बाई’ म्हणतो, बाईंचे यजमान आणि कन्या, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

भाषण करणं हा माझा प्रांत नव्हे. माझी उभी नोकरी एका टेबलासमोर गप्प बसून स्पीकर ऐकण्यात गेली. या इमारतीत मला ‘टेबल’ म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात असा म्हणणाऱ्यांचा समज आहे. पण ऐकणं हाच ज्याचा धंदा, त्याला हे ऐकू येणार नाही का? तर हेच टेबल सोमवारपासून बाईंच्या खुर्चीवर बसायचं आहे, म्हणून आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. दोन शब्दांत आटोपणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बाईंच्या घरच्या मंडळींसाठी थोडा खुलासा करतो. आपण मोटारसायकलवर बसवायची साउंड सिस्टीम तयार करतो. हँडलजवळ दोन स्पीकर, सीटखाली अँप्लिफायर, मध्ये वायर. वॉरंटीत लिहिलेलं असतं की नेहमीच्या वापरात दोष निघाला तर दुरुस्ती आमच्याकडे. पाण्यात बुडवलात, कुणा भलत्याकडून वायरी कापून घेतल्यात, तर तुमचं तुम्ही बघा. इथवर सगळं सरळ आहे. सेट जळलेला असला तर दिसतो, बुडवलेला असला तर वासही येतो. आमच्या नाकी नऊ आणतो तो तिसरा प्रकार. गाडीवाला शपथेवर सांगतो की आवाज बंद पडतो, आणि आमच्या टेबलावर तोच सेट एखाद्या गुणी मुलासारखा वाजत राहतो. अशा वेळी लिहायला आमच्या धंद्यात एक वाक्य तयार असतं: ‘दोष आढळला नाही.’ ते लिहिलं की क्लेम बंद.

बाईंनी त्या वाक्याआधी एक पायरी घातली. टेबलाला दोष सापडला नाही, तर गाडीवाल्याला पुढे बसवायचं, आपण मागच्या सीटवर बसायचं आणि तो रोज जसा जातो तशी एक फेरी मारून यायची. त्यानंतर हवं तर ‘नाही’ म्हणा. नाही म्हणण्याआधी एक फेरी. या गावच्या लोकांनी आमच्या बाईंना किती अनोळखी माणसांच्या मागे बसून जाताना पाहिलं असेल! डोक्यावर हेल्मेट, खांद्याला पर्स, आणि चेहरा असा की जणू शाळेच्या तपासणीला निघाल्या आहेत. यजमान हसताहेत. त्यांच्याही कानावर काय काय आलं असेल, ते त्यांनाच विचारा.

आता अध्यक्ष महोदय, एक गोष्ट इथे बोलावी की नाही यावर मी बराच विचार केला. निरोपाच्या दिवशी गोड बोलावं असा रिवाज आहे. पण सोमवारी सकाळी फलकावर एक नोटीस लागायची आहे. ती अशी की यापुढे तपासणी फक्त टेबलावर होईल. ग्राहकाने गाडी आणायचीच नाही, सेट काढून कुरिअरने पाठवायचा. म्हणजे बाई आज जाणार आणि त्यांची फेरी सोमवारी. मूग गिळून बसलो असतो तर जेवण लवकर मिळालं असतं. पण ते मला जमणार नाही. म्हणून एक हकीकत सांगतो. ती ज्याची आहे तो आज सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. त्याला उभं राहायला सांगत नाही, संकोचाने अर्धा होईल.

हा माणूस सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर दगडी चाकाची पेटी बांधलेली असते आणि स्पीकरमधून हाक जाते: धार लावायची का, धार. घराघरांतून लोक सुऱ्या घेऊन खाली येतात. त्याने आपल्याकडून सिस्टीम बसवून घेतली, आणि थोड्याच दिवसांत तक्रार घेऊन आला. म्हणाला, कामावर असताना हाक मध्येच तुटते. मी सेट टेबलावर घेतला. उत्तम वाजला. काही दिवसांनी तो पुन्हा आला. पुन्हा उत्तम. तिसऱ्यांदा मी स्वतः त्याची गाडी आवारात फिरवून पाहिली. आवाज असा खणखणीत की कँटीनमधून दोघे कात्र्या घेऊन आले. मी कागदावर ते वाक्य लिहिलं आणि सहीसाठी बाईंकडे पाठवलं. त्याची वॉरंटी त्याच आठवड्यात संपत होती.

बाईंनी सही केली नाही. त्यांनी त्याला समोर बसवून विचारलं की इतर धारवाले तोंडाने ओरडतात, मग तुम्हीच या सेटसाठी एवढे हेलपाटे का घालता? त्याने हेल्मेटचा पट्टा कुरवाळला. मग म्हणाला, “ताई, तो आवाज बाबांचा आहे.”

हा धंदा मुळात त्याच्या वडिलांचा. घशाचं ऑपरेशन करावं लागणार आणि त्यानंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मुलाने त्यांची हाक रेकॉर्ड करून घेतली. आता वडील दिवसभर खिडकीशी बसलेले असतात. दुपारी मुलगा त्या गल्लीतून जातो आणि स्वतःचा आवाज रस्त्यावरून जाताना ते ऐकतात. एवढंच ऐकण्यासाठी ते बसलेले असतात. एकदा ती हाक ऐन वळणावर मध्येच तुटली. मुलाला काहीतरी झालं असं समजून म्हातारा अनवाणी रस्त्यावर धावला. एका गाडीखाली येता येता वाचला. हाकही मारता येत नव्हती त्यांना. मंडळी, त्या दिवशी दाराशी उभा राहून हे सगळं मी ऐकत होतो, आणि बाईंसमोरच्या कागदावरचं ते वाक्य माझं होतं.

बाईंनी हेल्मेट उचललं. फाटकाबाहेर गतिरोधक आहे, तिथून गाडी गेली आणि हाक तुटली. बाई उतरल्या, हाक सुरू. बाई बसल्या, पुढच्या खड्ड्यात हाक बंद. गाडी वळवून त्या आत आल्या, आणि अख्ख्या वर्कशॉपसमोर मला म्हणाल्या, “मी बसले की बंद, उतरले की सुरू. माझं वजन विचारू नका, सीट उघडा.”

सीट उघडली. मागच्या बाजूला वजन आलं की सीटचा तळ खाली दबत होता आणि त्याच्याखाली वायर चेंगरत होती. ती वायर तिथून कुणी नेली होती? आमच्याच फिटरने, आमच्याच पद्धतीप्रमाणे. मी धारवाल्याला विचारलं, पण तुमच्या मागे तर कुणी बसत नाही? तो म्हणाला, पेटी असते ना. मग आज कुठे आहे पेटी? तो म्हणाला, “फाटकावर. वॉचमनकाका सुऱ्या आत नेऊ देत नाहीत.”

म्हणजे बघा. दर वेळी हा गृहस्थ नियमाला मान देऊन पेटी फाटकावर ठेवत होता, आणि पेटीबरोबर आमचा दोषही फाटकावरच राहत होता. आत येत होती ती निरोगी गाडी. वॉचमनकाका, तुम्ही कानकोंडे होऊ नका, सुऱ्या अडवणं तुमचं कामच आहे. आणि खरं सांगू? माझं टेबलही खोटं बोललं नव्हतं. टेबलावर जे आलं त्यात दोष नव्हताच. टेबलाला पाठ नसते, मागे कुणी बसत नाही, त्याच्या वाटेत खड्डा येत नाही. त्याला विचारलं तेवढंच ते सांगणार.

पुढची बैठक आमच्या विक्रीप्रमुख साहेबांना आठवत असेल. साहेब, रागावू नका, तुमची बाजूही सांगतो. तुमचं म्हणणं होतं की दगडी चाक वाहून नेणं हा काही नेहमीचा वापर नव्हे, तेव्हा हे वॉरंटीत बसत नाही. आणि हा एक क्लेम मान्य केला की तशी वायर असलेल्या सगळ्या गाड्या दारात उभ्या राहतील. बराच काथ्याकूट झाला. शेवटी बाई उठल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “मोटारसायकलला मागची सीट आहे. तिच्यावर कुणीतरी बसणार नाहीतर काहीतरी ठेवलं जाणार. आपण वॉरंटी टेबलाला दिलेली नाही. गाडीवर बसणाऱ्याला दिली आहे.”

तशी वायर असलेल्या सगळ्या गाड्या आपण बोलावून घेतल्या. वॉरंटी संपलेल्याही. गाड्या दारात खरंच उभ्या राहिल्या आणि आमचं कंबरडं मोडायची वेळ आली. पण त्यातला एकही गाडीवाला शिव्या देत परत गेला नाही, हे विक्रीप्रमुख साहेबांनीच मला नंतर सांगितलं. धारवाल्याची वायर तर बाईंनी समोर उभं राहून बदलून घेतली, आणि नंतर पेटी बांधून, त्याच्या गल्लीतून, त्या खिडकीखालून गाडी नेऊन बघायला मला पाठवलं. गाडी तोच चालवत होता, मी मागून स्कूटरवर होतो. हाक तुटली नाही. खिडकीतल्या माणसाने हात वर केला. तो मुलासाठी केला होता, मला कल्पना आहे. पण मीही केला.

अध्यक्ष महोदय, नोटिशीमागची तुमची कारणं मला ठाऊक आहेत आणि ती लटकी नाहीत. क्लेम वाढले आहेत, माणसं तेवढीच आहेत. कर्मचारी परक्याच्या गाडीवरून पडला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्नही रास्त आहे. बाई एकदा पडल्या आहेत. कन्या मान हलवताहेत, म्हणजे गुडघा अजून कुरकुरतो. पण आम्ही प्रत्येक सेटसाठी गावभर हिंडत नाही. जळलेला सेट टेबलावर कळतो, तो कुरिअरने येऊ दे, माझी ना नाही. फेरी लागते ती फक्त जिथे टेबल ‘नाही’ म्हणतं आणि माणूस ‘आहे’ म्हणतो तिथे. असे क्लेम थोडे असतात. आणि जो सेट सीटखालून काढून खोक्यात घालून पाठवला, त्याच्याबरोबर सीट येते का? पेटी येते का? खिडकीत बसलेला माणूस येतो का?

मी भांडखोर माणूस नाही. बढती मिळते आहे, घरी आनंद आहे, बायकोने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं आहे. तरीही सगळ्यांदेखत बोलतो, म्हणजे उद्या मलाच मागे फिरता येणार नाही. ‘दोष आढळला नाही’ या वाक्याखाली फेरी न मारता माझी सही होणार नाही. ती करणारा कुणी दुसरा हवा असेल तर खुर्ची त्याला द्या, मी आनंदाने माझ्या टेबलाकडे परत जाईन. माझं टेबल अजून कुणी हलवलेलं नाही, मी सकाळीच बघून आलो आहे.

बाई, तुम्ही आम्हाला वॉरंटी शिकवली. छापलेली तर सगळ्यांनाच वाचता येते. तुमच्याशी मी वाद पुष्कळ घातले आणि बहुतेक हरलो. तुमची उणीव भासेल, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ती दर सकाळी भासणार आहे, आणि ते पद्धत म्हणून सांगत नाही. तुमच्या गुडघ्याला आता खड्ड्यांपासून सुट्टी मिळो, यजमानांच्या मागे बसून सावकाश फिरा, आणि त्यांच्या गाडीतही काही दोष काढू नका.

काल मी बाईंना म्हटलं, आठवण म्हणून तुमचं हेल्मेट मला द्या. त्या म्हणाल्या, “तुम्हाला कशाला? तुम्ही तर बसणारच आहात. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांना द्या.” बाईंचा शब्द मी कधी मोडला नाही. तेव्हा अध्यक्ष महोदय, ते हेल्मेट तुमच्या खुर्चीखाली ठेवलं आहे. पट्टा सैल करून ठेवला आहे.

आपण सगळ्यांनी माझं हे लांबलेलं बोलणं निमूटपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. संयोजकांचे, कँटीनच्या मंडळींचे आणि बाईंना इतकी वर्षं आम्हाला उसन्या देणाऱ्या त्यांच्या घरच्यांचे विशेष आभार. बोलता बोलता कुणाला टोचलं असेल, मान राखण्यात काही कमी पडलं असेल, तर पदरात घ्या; टेबलाला बोलण्याची सवय नसते. धारवाल्याची गाडी खाली उभी आहे, आणि वॉचमनकाकांना विनंती करून आज पेटी आत घेतली आहे. समारंभ संपेपर्यंत ती उतरवून ठेवली आहे, मागची सीट मोकळी आहे. नोटीस सोमवारी लागायची आहे, महोदय. त्याआधी एक फेरी.