दारात बसणारी गोळी

"पुरुषाचं दुखणं उंबऱ्याबाहेर नेऊ नगं," जात्यावर बसलेली सासू सांगायची. लोणावळ्याच्या दवाखान्यात पडद्याबाहेर रांगेत बसलेल्या झुंबरबाईला ते आठवत होतं. आत डॉक्टर तिच्या नवऱ्यावर वैतागले होते.

"नथू, तुला दमा आहे का?"

"गोळी काळजाची, मंग दमा कशाला काढताय?"

"अरे, काळजाच्या पेशींना बारीक दारं असतात. ही गोळी दारात बसून धडधड आवरते. तशीच दारं श्वासनळीलाही आहेत. तिथंही ती बसली, तर दमेकऱ्याचा श्वासच कोंडेल!"

"मला न्हाई दमा."

"नक्की?"

"आवो, किती येळा इचारताय?"

झुंबरबाईनं पडदा सारला.

"सायेब, देऊ नगा. दमा कळला तर शेठ बंगल्याच्या कामावरनं काढतील म्हणून लपवत्यात. भाताचं भुसकट उडालं, की यांच्या छातीत शिट्ट्या वाजत्यात."