निळ्या खडूची रेघ

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर एक शिंपी बहिणीशी बोलत होता, आणि मास्तरीणबाईंचे कान तिकडेच लागले होते.

“ताई, दुकानात अण्णा येतात.”

“त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.”

“माझ्याच पँटचं कापड आखलं, कुलूप लावून जेवायला गेलो. येऊन बघतो तर माझ्या रेघेखाली दोन बोटांवर दुसरी रेघ. अण्णांच्या निळ्या खडूची.”

“लहानपणी आपल्या शाळेच्या कपड्यांना जादा कापड ठेवायचे तसं? वाढत्या अंगाचं?”

“तस्संच.”

“अरे, पन्नाशी उलटली तुझी. आता कुठे वाढणार तू?”

“ते त्यांना कोण सांगणार?”

“मग कापलंस कुठल्या रेघेवर?”

शिंप्याने पाय पुढे केला. मास्तरीणबाईंनी चष्मा सारखा केला. पँटच्या तळाशी दोन बोटं जादा कापड आत दुमडलेलं होतं.

ताईने वाकून ते चाचपलं.

“उद्या माझंही ब्लाउजचं कापड देते. आखून ठेव, आणि सावकाश जेवून ये.”