समाधीजवळचं आळं

दि. १९ एप्रिल १९८६

मी मलप्पा शंकरप्पा हालकुडे, वय ६४, धंदा शेती, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. अहमदपूर, जि. लातूर (पूर्वीचा उस्मानाबाद), विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

आमची आई गौरम्मा हिला लिंगायत रीतीने पुरले, ती समाधी शेतात आहे. आम्हा दोघांच्या वाटणीत ती जागा मन्मथकडे गेली. लातूर जिल्हा झाला तसा मन्मथ तिकडे राहावयास गेला व आपल्या हिश्शाचे प्लॉट पाडू लागला. त्याच्या नकाशातला रस्ता समाधीवरून जातो, हे कळल्यापासून आमचे बोलणे बंद आहे.

समाधीच्या उशाला बेलाचे झाड आहे. यंदा विहिरी आटल्या, बांधावरच्या बाभळी वाळल्या, बेल मात्र हिरवागार. मी रोज संध्याकाळी तेथे बसून शाळेत शिकवलेल्या कविता आईला म्हणून दाखवतो. त्यानेच झाड तगले, अशी माझी समजूत होती.

आज दिवस उगवताना मन्मथ समाधीपाशी कुदळ मारताना दिसला. आईला उकरतो आहे असे वाटून मी "धरा, धरा" म्हणून ओरडलो. लोकांनी त्यास धरून ठाण्यात आणले. मी फिर्याद दिली.

नंतर जमादारांनी आम्हा दोघांस नेऊन जागा पाहिली. समाधीचा एक दगडही हललेला नव्हता. बेलाभोवती नवे आळे होते. माती ओली. बाजूला तेलाचे दोन रिकामे डबे.

मन्मथ म्हणाला, "घरच्या नळाचं पाणी हाय. फटफटीला डबे बांधून पहाटं आणून घालतो."

मी म्हणालो, "मला सांगायचं नाही का?"

"तुमच्यासंगं अबोला हाय अण्णा, मायसंगं न्हाई. आन् कवितेनं झाड जगतंय व्हय? पाणी लागतंय, पाणी!"

जमादार हसले. मलाही हसू आले.

मी रस्त्याचे विचारले. तो बराच वेळ डब्याचे झाकण लावत बसला. मग म्हणाला, "वळवतो. कोपऱ्याचा प्लाट जाईल. लई भारी प्लाट व्हता." त्यास फार वाईट वाटत होते, हे मी पाहिले.

सकाळच्या फिर्यादीत आरोपीशी नाते 'बांधशेजारी' असे मी सांगितले आहे. ते खोडून 'सख्खा धाकटा भाऊ' लिहावे. माझी तक्रार राहिली नाही. घरी माझी पत्नी सिद्धम्मा हिने दोघांच्या भाकरी थापल्या आहेत, तरी त्यास जेवणवेळेआधी सोडावे.

जमादारांनी हे मला व मन्मथलाही वाचून दाखवले. मी सांगितले तसेच उतरले आहे. 'धाकटा भाऊ' हे शब्द मी पुन्हा एकदा वाचावयास लावले. बरोबर आहेत.