नमस्काराच्या आधी

(सिडनीजवळच्या पॅरामॅटातल्या एका हॉलमागचा कारपार्क, रविवारची दुपार. संजीव गाडीत बसलेला. ॲग्नेस खिडकीशी उभी.)

ॲग्नेस: काच खाली कर आधी. आणि किल्ली दे इकडे.

संजीव: मी जातो गं घरी. सुनीतीला सांग, डोकं दुखत होतं.

ॲग्नेस: खोटं तूच सांग, बायको तुझी आहे. मला कशाला मध्ये घालतोस?

संजीव: आत काय चाललंय?

ॲग्नेस: आपली मंडळी खूश आहेत. कुमार विचारत फिरतोय, 'संजीवभाई किधर है?'

संजीव: टाळ्या पण सगळ्यात आधी त्यानेच वाजवल्या.

ॲग्नेस: वाजवणारच. तिहाई घेतलीस, समेवर थाप मारलीस. एवढं मलाही कळतं, आणि मी वसईच्या चर्च कॉयरमधली.

संजीव: हात आपोआप तिकडे गेला, ॲग्नेस. लहानपणापासून तबला. रंग चढला की तोच तुकडा तीनदा घ्यायचा आणि सम गाठून थांबायचं. डोक्याला विचारावंच लागत नाही.

ॲग्नेस: पण या बोंबा नाचात थांबवायचं कुणी, हे मारिसोलने पहिल्याच क्लासला सांगितलं होतं. पोर्तो रिकोत ड्रमने नाचणारीच्या मागे जायचं. ती ड्रमला नमस्कार करून रिंगणात येते, तसाच करून बाहेर पडते. तोवर हात उचलायचा नाही.

संजीव: माहितीये. म्हणूनच लाज वाटतेय. मी तिच्याकडे बघतच नव्हतो. डोळे मिटून बसलो होतो. काय मस्त वाजतंय, असं वाटत होतं मला.

ॲग्नेस: वाजत होतंच.

संजीव: डोळे उघडले तर मारिसोलची आई समोर, स्कर्टचं टोक हातात, एक पाय उचललेला. आणि मी थांबलेलो. दुसरं कुणी असतं तर सॉरी म्हणून मोकळा झालो असतो. नवरा गेल्यापासून नाचली नव्हती ती.

ॲग्नेस: तोच वाजवायचा तिच्यासाठी.

संजीव: नको ना सांगूस आता. उद्याची फ्लाइट आहे तिची. या वयात परत सिडनीला येणार आहे का ती?

ॲग्नेस: नाही येणार. म्हणून तर मी बाहेर आले.

संजीव: रागावलीये?

ॲग्नेस: मारिसोल रागावलीये. म्हातारीने एवढंच विचारलं, पोराचे हात दुखले का म्हणून.

संजीव: चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ॲग्नेस: तुला बरं वाटावं म्हणून ती कशाला शिव्या देईल? ऐक. ती अजून रिंगणातच उभी आहे.

संजीव: म्हणजे?

ॲग्नेस: नमस्कार केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही ना. करणार कुणाला? ड्रमवर कुणी नाही.

संजीव: विन्सेंटला बसव.

ॲग्नेस: बसला होता माझा नवरा, व्हिडिओ कॅमेरा बाजूला ठेवून. तिने मान हलवली. ज्याच्याबरोबर सुरू केलं त्याच्याबरोबरच संपवणार म्हणते. खुर्ची दिली तर तीही नको.

संजीव: कुठल्या तोंडाने जाऊ मी? सगळ्यांसमोर?

ॲग्नेस: सगळे चहा नि लॅमिंग्टन केकवर तुटून पडलेत. तुझं तोंड बघायला वेळ कुणाला आहे?

संजीव: हात पुन्हा तिहाईकडे वळला तर?

ॲग्नेस: डोळे उघडे ठेव.

संजीव: आणि तिने पाऊलच टाकलं नाही तर?

ॲग्नेस: तर बसून राहायचं. ती थांबलीच आहे की एवढा वेळ तुझ्यासाठी.